बुरशीजन्य आजारांची प्रयोगशाळेतील ओळख आणि औषध-चाचणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात बुरशीच्या तपासणीचा अहवाल हाती आल्यावर रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि पुष्कळदा गावातले डॉक्टरही जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. सुरुवातीचे प्रश्न नमुना देणाऱ्यांसाठी आहेत. पुढचे प्रश्न प्रयोगशाळा तंत्रज्ञ, वैद्यकीय विद्यार्थी आणि अहवाल वाचून निर्णय घेणारे डॉक्टर यांना अधिक उपयोगी पडतील. कोणते औषध किती दिवस घ्यायचे, हे येथे सांगितलेले नाही. ते रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

अंगावर गजकर्ण उठले की लगेच तपासणी करावी का?

दरवेळी नाही. पावसाळ्यात ओले कपडे अंगावरच वाळल्यामुळे जांघेत उठलेला नायटा किंवा पायाच्या बोटांमधल्या चिखल्या अनुभवी डॉक्टर पाहूनच ओळखतात, आणि पहिल्यांदाच झालेल्या अशा साध्या त्रासासाठी कल्चरची, म्हणजे नमुन्यातली बुरशी माध्यमावर वाढवून पाहण्याची, गरज क्वचितच पडते. मात्र पूर्ण उपचार घेऊनही चट्टे उलटत असतील, घरातल्या अनेकांना एकाच वेळी त्रास असेल, टाळूला किंवा चेहऱ्याला लागण झाली असेल, अथवा आधी स्टेरॉइड मिसळलेले मलम लावल्यामुळे चट्ट्याचे रूपच बदलले असेल, तर तपासणी अवश्य करावी. नखांच्या बाबतीत तर ती उपचाराआधीच व्हायला हवी. नख जाड, पिवळे किंवा ठिसूळ होण्यामागे बुरशीखेरीज सोरायसिस, जुनी इजा, घट्ट पादत्राणे अशी कितीतरी कारणे असतात, आणि महिनोन्महिने चालणारे औषध केवळ अंदाजावर सुरू करणे योग्य नव्हे.

मलम लावणे चालू असताना नमुना दिला तर चालतो का?

नमुना घेता येतो, पण त्यातून खरे उत्तर मिळण्याची शक्यता बरीच घटते. बुरशीनाशक मलमाने कातडीच्या वरच्या थरातील बुरशी मरते किंवा अर्धमेली होते. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे तंतू दिसतात, परंतु कल्चरमध्ये ती उगवत नाही आणि मग पुढची औषध-चाचणी, म्हणजे कोणते औषध तिला रोखते ते पाहणे, हीही करता येत नाही. म्हणून शक्य असेल तेथे डॉक्टर मलम एक-दोन आठवडे आणि पोटातून घ्यायचे औषध त्याहून अधिक काळ थांबवून मगच नमुना घ्यायला सांगतात. हा निर्णय रुग्णाने स्वतः घेऊ नये. औषध थांबवणे शक्य नसेल तर तपासणीच्या अर्जावर त्याचे नाव लिहावे, आणि औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या मलमाची ट्यूब संकोच न करता सोबत आणावी. त्या ट्यूबवर छापलेल्या घटकांवरून पुष्कळदा निम्मे कोडे सुटते.

खरवड कशी घेतात, आणि ती कशात ठेवावी?

चट्टा ७० टक्के अल्कोहोलने पुसून, तो वाळल्यावर, त्याच्या पसरत्या कडेवरील कोंडा बोथट पात्याने खरवडतात. रक्त काढायचे नसते आणि दुखतही नाही. मधला भाग बरा होत आलेला असल्याने तेथे बुरशी कमी असते. नखाचे नुसते टोक कापून पाठवणे पुरेसे नसते; नखाखाली साठलेला भुसा हवा असतो. टाळूवरचे केस कापून न देता मुळासकट उपटून द्यावेत. हा सारा माल काळ्या कागदाच्या पुडीत ठेवणे सर्वांत चांगले, कारण त्यावर तो नीट दिसतो आणि कोरडा राहतो. झाकण घट्ट लावलेल्या प्लास्टिकच्या डबीत ओल धरते आणि जीवाणू वाढून बुरशीला दाबून टाकतात, ही गोष्ट जुलैतल्या गोव्यात विशेष ध्यानात ठेवावी. पुडी फ्रिजमध्ये ठेवायची नाही, तशीच तापलेल्या गाडीतही ठेवायची नाही.

केओएच तपासणीत बुरशी दिसली, पण कल्चर निगेटिव्ह आले. यातले खरे काय?

दोन्हीही खरे असू शकते. केओएच म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण. त्वचेसाठी ते १० ते २० टक्के तीव्रतेचे वापरतात, नखांसाठी अधिक तीव्र घेतात किंवा नमुना त्यात जास्त वेळ मुरू देतात. त्यात कातडीतील केराटिन विरघळते, बुरशीची पेशीभित्तिका मात्र टिकते, म्हणून तिचे तंतू उघडे पडतात. कॅल्कोफ्लुअर व्हाइट हे चमकणारे रंगद्रव्य आणि फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक उपलब्ध असेल तर विरळ तंतूही सुटत नाहीत. या तपासणीत मेलेली आणि जिवंत बुरशी सारखीच दिसते, तर कल्चरमध्ये फक्त जिवंत बुरशी उगवते. त्यामुळे उपचार घेतलेल्या रुग्णाचे केओएच पॉझिटिव्ह आणि कल्चर निगेटिव्ह येणे अपेक्षितच आहे. नखांच्या नमुन्यांत तर हे नेहमी घडते. याउलट केओएच निगेटिव्ह असून कल्चरमध्ये एखादी बुरशी उगवली, तर ती रोगाची की हवेतली, हा प्रश्न उभा राहतो आणि तो सोडवायला बहुधा दुसरा नमुना लागतो.

कल्चरला इतके आठवडे का लागतात?

कारण सगळ्या बुरशी एका वेगाने वाढत नाहीत. कॅन्डिडासारखी यीस्ट, म्हणजे एकपेशीय बुरशी, एक-दोन दिवसांत उगवते, म्यूकर गटातील बुरशी दोन-तीन दिवसांत नळीचे झाकण गाठते, ॲस्परजिलसला तीन ते पाच दिवस लागतात. गजकर्णाच्या बुरशी मात्र एक ते तीन आठवडे घेतात आणि काही त्याहूनही सावकाश वाढतात. म्हणूनच चार आठवडे पाहिल्याशिवाय ‘वाढ नाही’ असे अंतिम उत्तर देत नाहीत. यासाठी वापरायचे नेहमीचे माध्यम फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ रेमाँ साबूरो यांच्या नावाने ओळखले जाते. त्यात जीवाणू रोखायला क्लोरॅम्फेनिकॉल आणि हवेतल्या बुरशी रोखायला सायक्लोहेक्सिमाइड घालतात. या दुसऱ्या घटकाबाबत सावध राहावे लागते, कारण क्रिप्टोकॉकस, म्यूकर गट, बरेच ॲस्परजिलस आणि काही कॅन्डिडा यांनाही तो वाढू देत नाही. म्हणून आतल्या अवयवांतील नमुने तो नसलेल्या माध्यमावरही लावतात, आणि नळ्या शक्य तेव्हा २५ व ३७ अंश सेल्सियस अशा दोन तापमानांना ठेवतात.

अहवाल लवकर हवा म्हणून रुग्णाचे नातेवाईक रोज खिडकीवर चौकशी करतात, ते समजण्यासारखे आहे. परंतु प्राथमिक अहवाल मागून घेणे हा अधिक उपयोगी मार्ग आहे. केओएचचे उत्तर त्याच दिवशी मिळू शकते.

अहवालात ‘बाहेरून आलेली बुरशी असण्याची शक्यता’ असे लिहिले आहे. हा प्रयोगशाळेचा निष्काळजीपणा का?

तसे समजू नये. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्या दिवसांत कपाटातल्या चपलांपासून पुस्तकांपर्यंत सगळ्यावर बुरशी चढते. तिचेच बीजाणू हवेत, त्वचेवर आणि नखाखाली असतात. पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम किंवा ॲस्परजिलस एकाच नमुन्यात एखाद्या ठिपक्याएवढी उगवली, तर तिला रोगकारक ठरवण्याआधी तीन गोष्टी पाहतात: तंतू थेट नमुन्यातही दिसले होते का, तीच बुरशी दुसऱ्या नमुन्यातही आली का, आणि रुग्णाचे चित्र तिच्याशी जुळते का. ही पडताळणी न करता प्रत्येक बुरशीचे नाव आणि औषधांची यादी छापणारा अहवाल दिसायला भरगच्च असतो, पण त्याने नुकसानच होते.

कफातील कॅन्डिडाचेही असेच आहे. ती तोंडात आणि घशात एरवीही राहते, त्यामुळे कफात ती सापडली म्हणजे फुप्फुसांना कॅन्डिडाची लागण झाली, असा अर्थ जवळजवळ कधीच निघत नाही. रक्तात ती सापडली तर मात्र एकाच बाटलीतली वाढही गंभीरपणे घ्यावी लागते.

बुरशीची नेमकी जात कशी ओळखतात?

यीस्ट आणि तंतुमय बुरशी यांचे मार्ग वेगळे आहेत. यीस्टसाठी पहिली आणि स्वस्त परीक्षा म्हणजे जर्म ट्यूब: रक्तद्रवाच्या थेंबात ३७ अंशांवर दोन ते तीन तास ठेवल्यावर कॅन्डिडा अल्बिकन्सच्या पेशींना कोंब फुटतो. कॅन्डिडा डब्लिनिएन्सिसलाही तो फुटतो, हे विद्यार्थी परीक्षेत लिहितात आणि कामावर रुजू झाल्यावर विसरतात. रंग देणाऱ्या माध्यमांवर अल्बिकन्स हिरवी, ट्रॉपिकॅलिस निळी आणि क्रुझी फिकट गुलाबी व खरबरीत उगवते. एकाच नमुन्यात दोन जाती मिसळलेल्या असतील तर त्या येथेच उघड होतात. कॉर्नमील माध्यमावरील रचना आणि निरनिराळ्या शर्करांचा वापर यांवरून पुढची ओळख पटवतात.

तंतुमय बुरशी ही डोळ्यांनी वाचायची असते. वसाहतीचा वरचा आणि खालचा रंग, पोत, वाढीचा वेग. मग लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या रंगद्रव्यात बीजाणूंची रचना. आणि बीजाणू जागच्या जागी पाहायचे असतील तर स्लाइड कल्चर, म्हणजे काचपट्टीवरच बुरशी वाढवणे. रायझोपसमध्ये बीजाणुधारक दांड्याच्या बरोबर खाली मुळांसारखे तंतू असतात, म्यूकरमध्ये ते नसतात. गजकर्णाच्या बुरशींसाठी युरिएज परीक्षा आणि केसाला छिद्र पाडण्याची परीक्षा यांचा आधार घेतात. हे कौशल्य पुस्तकातून येत नाही. शेकडो काचपट्ट्या पाहिल्यावर नजर बसते, आणि अशी नजर असलेला तंत्रज्ञ निवृत्त झाला की प्रयोगशाळेचे जे नुकसान होते ते कोणत्याही यंत्राने पूर्णपणे भरून निघत नाही.

माल्डी-टॉफ हे यंत्र पेशीतील प्रथिनांच्या वस्तुमानाचा ठसा घेऊन काही मिनिटांत नाव सांगते. यीस्टसाठी ते उत्तम आहे. तंतुमय बुरशीसाठी आधी प्रथिने वेगळी काढावी लागतात, आणि यंत्राच्या साठ्यात त्या जातीचा ठसा नसेल तर ते चुकीचे नाव देते किंवा देतच नाही. शेवटचा शब्द डीएनए क्रमाचा. त्यातील आयटीएस नावाचा पट्टा बुरशींच्या ओळखीसाठी २०१२मध्ये सर्वमान्य ठरला. तरीही ॲस्परजिलसच्या जवळच्या जाती वेगळ्या करायला बीटा-ट्युब्युलिन किंवा कॅल्मोड्युलिन आणि फ्युजेरियमसाठी टीईएफ-१ हे जनुक वाचावे लागते.

कॅन्डिडा ऑरिसबद्दल एवढी धास्ती का?

ही जात प्रथम २००९मध्ये जपानमध्ये, एका वृद्ध रुग्णाच्या कानातून मिळालेल्या नमुन्यावरून वर्णिली गेली. भारतातून तिच्या रक्तसंसर्गाची नोंद २०१३मध्ये प्रसिद्ध झाली. धास्तीची कारणे तीन आहेत. फ्लुकोनॅझोल या नेहमीच्या बुरशीनाशक औषधाला ती बहुधा दाद देत नाही आणि काही वेळा इतर औषधांनाही देत नाही. रुग्णाच्या त्वचेवर आणि खाटेच्या कठड्यांवर ती दीर्घकाळ टिकते, आणि इस्पितळांत वापरली जाणारी काही नेहमीची जंतुनाशके तिच्यावर पुरेशी चालत नाहीत, म्हणून क्लोरीनयुक्त द्रावण वापरावे लागते. तिसरे कारण प्रयोगशाळेचे आहे: जैवरासायनिक परीक्षांवर चालणारी जुनी स्वयंचलित यंत्रे तिला कॅन्डिडा हीम्युलोनी किंवा अन्य एखादे नाव देत असत. ‘हीम्युलोनी’ असे उत्तर आले, जर्म ट्यूब निगेटिव्ह असली आणि वसाहत ४२ अंशांवरही वाढत असली, तर ती ऑरिस आहे असे धरून चालावे आणि माल्डी-टॉफ किंवा डीएनए क्रमाने खात्री करून घ्यावी. खात्री होईपर्यंत रुग्णाच्या वॉर्डाला कळवायचे थांबू नये. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १९ रोगकारक बुरशींची प्राधान्ययादी जाहीर केली, तिच्या सर्वांत गंभीर गटात क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स, कॅन्डिडा ऑरिस, ॲस्परजिलस फ्युमिगेटस आणि कॅन्डिडा अल्बिकन्स या चार जाती आहेत.

जुन्या अहवालात एक नाव आणि नव्यात दुसरेच. रोग बदलला का?

नाही. डीएनए अभ्यासानंतर बुरशींचे वर्गीकरण बदलत आहे. कॅन्डिडा क्रुझी आता पिकिया कुड्रियावझेव्ही, कॅन्डिडा ग्लाब्राटा आता नाकासिओमायसिस ग्लाब्रॅटस, आणि ऑरिसलाही कॅन्डिडोझायमा हे नवे घर मिळाले आहे. समजूतदार प्रयोगशाळा काही वर्षे दोन्ही नावे छापते.

औषध-चाचणी प्रत्यक्षात कशी करतात?

मुख्य पद्धत सूक्ष्म-विरलनाची आहे. ९६ खळग्यांच्या तबकडीत औषधाची मात्रा एका खळग्यातून पुढच्या खळग्यात निम्मी होत जाईल अशी भरतात आणि प्रत्येक खळग्यात मोजून बुरशी घालतात. ज्या सर्वांत कमी मात्रेला बुरशीची वाढ ठरलेल्या प्रमाणात रोखली जाते, ती किमान रोधक मात्रा, म्हणजे अहवालातली एमआयसी. माध्यम म्हणून आरपीएमआय १६४० वापरतात आणि त्याचा पीएच ७.० ठेवतात.

जगात दोन प्रमाणित पद्धती चालतात, अमेरिकेची सीएलएसआय आणि युरोपची युकास्ट. दोहोंत फरक आहेत आणि ते किरकोळ नाहीत. यीस्टसाठी सीएलएसआय प्रत्येक मिलिलिटरमध्ये ५०० ते २५०० पेशी घालते, युकास्ट त्याच्या शंभरपट. सीएलएसआय माध्यमात ०.२ टक्के ग्लुकोज ठेवते, युकास्ट २ टक्के. पहिलीत वाढ प्रायः डोळ्यांनी वाचतात, दुसरीत यंत्राने. त्यामुळे एका पद्धतीने काढलेला आकडा दुसरीच्या तक्त्यात बसवून अर्थ लावणे चूक आहे, आणि अहवालावर पद्धतीचे नाव नसेल तर तो आकडा अर्धवट समजावा.

वाचनातही बारकावे आहेत. यीस्टवर ॲझोल (उदाहरणार्थ फ्लुकोनॅझोल) आणि एकायनोकॅन्डिन (उदाहरणार्थ मायकाफंजिन) गटातील औषधांसाठी वाढ निम्म्यावर येणे पुरेसे धरतात, ॲम्फोटेरिसिन बीसाठी ती पूर्ण थांबावी लागते. काही कॅन्डिडा फ्लुकोनॅझोलमध्ये मंदपणे वाढत राहतात. अशा खळग्यांतली पुसट गढूळता बुरशीने औषधाला केलेला रोध म्हणून वाचली तर चांगले औषध उगाच बाद होते. ॲस्परजिलसवर एकायनोकॅन्डिन तपासताना तर वाढ थांबतच नाही, तंतू आखूड व गुंतागुंतीचे होतात, म्हणून तेथे एमआयसीऐवजी तो बदल दिसणारी किमान मात्रा नोंदवतात. प्रत्येक खेपेस ठरावीक प्रमाण-वाण, उदाहरणार्थ कॅन्डिडा पॅराप्सिलोसिस एटीसीसी २२०१९, सोबत लावतात. त्याचे आकडे मर्यादेत आले नाहीत तर त्या दिवशीचे सर्व रुग्णांचे निकाल थांबवायचे असतात.

छोट्या प्रयोगशाळांना यीस्टसाठी चकतीची पद्धत परवडते. त्यासाठी म्युलर-हिंटन माध्यमात २ टक्के ग्लुकोज आणि मिथिलीन ब्लू घालावे लागते. जीवाणूंसाठी ओतलेल्याच साध्या तबकडीवर फ्लुकोनॅझोलची चकती ठेवणे म्हणजे चाचणी नव्हे.

ज्या औषधाचा आकडा सर्वांत लहान, तेच सर्वांत चांगले ना?

हा गैरसमज डॉक्टरांमध्येही आढळतो. प्रत्येक औषधाची रक्तात पोचणारी मात्रा वेगळी, म्हणून प्रत्येकाची निर्णायक मर्यादाही वेगळी. सीएलएसआयच्या तक्त्यानुसार कॅन्डिडा अल्बिकन्ससाठी फ्लुकोनॅझोलची एमआयसी प्रति मिलिलिटर १ मायक्रोग्रॅम आली तर ती बुरशी त्या औषधाला दाद देणारी ठरते. मायकाफंजिनची एमआयसी तेवढीच, म्हणजे १ आली, तर ती दाद न देणारी ठरते. आकडा तोच, अर्थ उलटा. म्हणून आकड्याच्या शेजारील एस, आय, आर किंवा एसडीडी हे अक्षर आधी वाचावे. एस म्हणजे दाद देणारी, आर म्हणजे दाद न देणारी, आय म्हणजे मधली. एसडीडी म्हणजे मोठी मात्रा दिली तर उपयोग होण्यासारखा आहे.

आकडा दिला आहे, पण शेजारी कोणतेच अक्षर नाही. का?

कारण त्या बुरशी-औषध जोडीसाठी निर्णायक मर्यादा ठरलेलीच नाही, आणि तंतुमय बुरशींच्या बाबतीत असे बहुसंख्य वेळा असते. मर्यादा ठरवायला पुरेशा रुग्णांच्या उपचारांची माहिती लागते. दुर्मीळ बुरशींसाठी ती जमत नाही. अशा वेळी त्या जातीच्या रानटी, म्हणजे रोध न कमावलेल्या वाणांच्या आकड्यांची कमाल सीमा पाहतात. आकडा त्या सीमेपलीकडे असेल तर बुरशीने काहीतरी रोध कमावला आहे असे म्हणता येते. सीमेच्या आत असेल तर औषध लागू पडेलच असे म्हणता येत नाही. येथे अक्षर स्वतःहून छापणाऱ्या प्रयोगशाळेपेक्षा जागा कोरी ठेवणारी प्रयोगशाळा अधिक विश्वासार्ह मानावी.

प्रत्येक बुरशीची औषध-चाचणी करायलाच हवी का?

नको. बऱ्याचदा जातीचे नाव हेच अर्धे उत्तर असते. क्रुझी फ्लुकोनॅझोलला जन्मतःच दाद देत नाही, ॲस्परजिलस टेरियस ॲम्फोटेरिसिन बीला, म्यूकर गट फ्लुकोनॅझोल व व्होरिकोनॅझोलला आणि क्रिप्टोकॉकस एकायनोकॅन्डिनना दाद देत नाही. लोमेंटोस्पोरा प्रोलिफिकन्स तर जवळजवळ सर्वच औषधांना पुरून उरते. ही माहिती नावाबरोबरच मिळते, तिच्यासाठी दोन दिवस थांबायला नको. चाचणी करावी ती रक्त किंवा मेंदूजल अशा निर्जंतुक जागेतील बुरशीची, उपचार चालू असताना टिकून राहिलेल्या बुरशीची आणि रोध कमावण्यासाठी ज्ञात असलेल्या जातींची. हाती पैसे आणि माणसे मर्यादित असतील तर मी तरी ते आधी अचूक ओळखीवर खर्च करावे असे म्हणेन.

चाचणीत ‘एस’ आले, तरी रुग्ण सुधारत नाही. असे का?

चाचणी काचेत होते, आजार शरीरात. शिरेतली नळी काढलेली नसते, गळू निचरलेले नसते, पांढऱ्या पेशी फार कमी असतात, किंवा औषध त्या जागी पुरेसे पोचत नाही. एकायनोकॅन्डिन डोळ्यात आणि मूत्रात नीट पोचत नाहीत, हे उदाहरण पुरेसे आहे. तज्ज्ञांमध्ये एक ढोबळ हिशेब सांगतात, की ‘एस’ आलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के आणि ‘आर’ आलेल्यांपैकीही सुमारे ६० टक्के रुग्णांना त्या औषधाने गुण येतो.

टर्बिनाफीन घेऊनही गजकर्ण जात नाही. चाचणीने काही कळेल का?

कळू शकते. गेल्या काही वर्षांत भारतभर पसरलेल्या हट्टी गजकर्णामागे मुख्यतः ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी आहे. जपानमधील संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून तिला २०२०मध्ये हे नाव दिले. त्याआधी ती ट्रायकोफायटन मेंटाग्रोफायटिसचाच एक प्रकार मानली जाई. टर्बिनाफीन स्क्वालीन इपॉक्सिडेज या विकरावर काम करते, आणि त्याच्या जनुकात, विशेषतः ३९३ व ३९७ या स्थानांवर बदल झाले की औषधाची पकड सुटते. नुसत्या वसाहतीवरून ही जात मेंटाग्रोफायटिसपासून खात्रीने वेगळी करता येत नाही. आयटीएस क्रम वाचावा लागतो. औषध-चाचणीची प्रमाणित पद्धत उपलब्ध आहे, परंतु ती मोजक्याच ठिकाणी होते. म्हणून आधी साध्या गोष्टी तपासाव्यात: औषध पूर्ण काळ घेतले का, घरातल्या इतरांवर उपचार झाले का, टॉवेल आणि अंतर्वस्त्रे वेगळी असून पावसातही पूर्ण वाळतात का, आणि स्टेरॉइडचे मिश्र मलम खरेच सुटले का. यातले शेवटचे सर्वांत अवघड जाते, कारण त्या मलमाने खाज दोन दिवसांत थांबते.

कापणीच्या वेळी भाताचे पाते डोळ्याला लागले आणि बुबुळावर पांढरा ठिपका आला. कोणती तपासणी करतात?

ही तातडीची बाब आहे. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. सरद, म्हणजे पावसाळी शेतीत भात कापताना, किंवा माडावर चढणाऱ्याच्या डोळ्यात झावळीचा कण गेल्यावर, फ्युजेरियम आणि ॲस्परजिलस बुबुळात शिरतात. नेत्रतज्ज्ञ बुबुळाच्या व्रणाची खरवड घेऊन एक अंश काचपट्टीवर ठेवतात आणि उरलेला तेथल्या तेथेच माध्यमाच्या तबकडीवर इंग्रजी सी अक्षराच्या आकाराच्या ओळींत ओढतात. वाढ त्या ओळींवरच झाली तर ती रुग्णाची, ओळींबाहेर झाली तर ती हवेतली. इतकी साधी युक्ती आहे. माल फारच थोडा असल्यामुळे तो पट्टीवर घेऊन प्रयोगशाळेत पाठवण्यात वाया जातो. थेट तपासणीत तंतू दिसले की कल्चरची वाट न पाहता नॅटामायसिनचे थेंब सुरू करण्याची पद्धत आहे. स्टेरॉइडचे थेंब मात्र स्वतःहून टाकू नयेत.

म्यूकरमायकोसिसच्या, म्हणजे ‘काळ्या बुरशी’च्या आजाराच्या संशयात नमुना पाठवताना कोणती चूक टाळावी?

सगळा ऊतक-तुकडा फॉर्मालिन या ऊतक टिकवणाऱ्या द्रावणात बुडवण्याची. फॉर्मालिनमधल्या तुकड्यातून कल्चर होत नाही, म्हणून शस्त्रक्रियागृहातच त्याचे दोन भाग करावेत: एक विकृतिशास्त्रासाठी फॉर्मालिनमध्ये, दुसरा सूक्ष्मजीवशास्त्रासाठी निर्जंतुक क्षारद्रावणात, आणि दुसरा लगेच पोचवावा. प्रयोगशाळेने तो कुटायचा नाही, बारीक चिरायचा. या बुरशीच्या तंतूंना आडवे पडदे फार थोडे असल्याने कुटल्यावर ते मरतात. केओएचमध्ये रुंद, फितीसारखे, जवळजवळ काटकोनात फुटणारे तंतू दिसले की सर्जनना फोन करावा. लेखी अहवाल मागाहून जाऊ शकतो. २०२१च्या कोविड लाटेत ज्यांनी हे काम केले त्यांना हा फोन किती मोलाचा असतो, ते सांगायला नको. ॲस्परजिलसचे तंतू अरुंद असतात, त्यांना पडदे असतात आणि ते सुमारे ४५ अंशांत फुटतात.

केवळ रक्त तपासून बुरशीचे निदान होते का?

काही अंशी. गॅलॅक्टोमॅनन (बुरशीच्या पेशीभित्तिकेतील घटक) ॲस्परजिलसकडे बोट दाखवते. बीटा-डी-ग्लुकॅन (तसाच दुसरा घटक) अनेक बुरशींत वाढते, पण म्यूकर गटात वाढत नाही आणि क्रिप्टोकॉकससाठी भरवशाचे नाही. त्यामुळे ते निगेटिव्ह आले म्हणून म्यूकर नाकारता येत नाही. क्रिप्टोकॉकसच्या मेंदूज्वरासाठी मात्र रक्तातील व मेंदूजलातील प्रतिजनाची पट्टी-चाचणी उत्कृष्ट आहे आणि ती इंडिया इंक या शाईच्या सूक्ष्मदर्शक-तपासणीपेक्षा खूपच कमी वेळा चुकते. कॅन्डिडाच्या रक्तसंसर्गात रक्ताचे कल्चर जवळजवळ निम्म्या वेळा निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून मोठ्या माणसाचे रक्त प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर असावे आणि बाटल्या एकापेक्षा अधिक घ्याव्यात.

कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागायतीत, पावसाळ्यापूर्वी फवारणी करतो. त्यामुळे माणसांची औषधे निकामी होतात का?

फोंडा, सत्तरी भागांत सुपारीच्या कोळेरोगावर फवारले जाणारे बोर्डो मिश्रण मोरचूद आणि चुना यांचे असते. त्याचा ॲझोल औषधांशी संबंध नाही. शिवाय कोळेरोग करणारी फायटॉफ्थोरा ही खऱ्या बुरशींत मोडतच नाही. चिंता आहे ती भात, भाजी आणि फुलशेतीत वापरल्या जाणाऱ्या टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल अशा ट्रायॲझोल बुरशीनाशकांची. त्यांची रचना माणसांच्या औषधांसारखी असल्याने मातीतील ॲस्परजिलस फ्युमिगेटसमध्ये टीआर-३४/एल-९८-एच हा जनुकबदल निवडला जातो आणि त्याचे बीजाणू हुंगणाऱ्या, कधीच औषध न घेतलेल्या माणसालाही रोधक बुरशीची लागण होऊ शकते. असे वाण भारतातही सापडले आहेत. प्रयोगशाळेत इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल व पोसॅकोनॅझोल घातलेल्या माध्यमाच्या चार खणांच्या तबकडीवर त्यांची चाळणी करता येते. चौथ्या खणात औषध नसते.

गोव्यात ही तपासणी कोठे करावी, आणि नमुना बाहेर पाठवायचा असेल तर?

बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे १८४२मध्ये पणजीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणाऱ्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आहे. म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळातील डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कोणती तपासणी तेथेच होते आणि कोणती पुढे पाठवावी लागते, हे आधी विचारून घ्यावे. दुर्मीळ किंवा रोधक बुरशीसाठी चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेमध्ये रोगकारक बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आणि संदर्भ प्रयोगशाळा आहे. तेथे मूळ नमुना न पाठवता शुद्ध केलेली वाढ तिरप्या माध्यमाच्या, स्क्रूचे झाकण असलेल्या नळीत, तिहेरी वेष्टनात पाठवतात. तबकडी पाठवत नाहीत. सोबत रुग्णाचे वय, नमुन्याची जागा, आधी घेतलेली औषधे आणि स्थानिक प्रयोगशाळेने काढलेले तात्पुरते नाव लिहावे. मूळ वाढीचा एक अंश ग्लिसरॉलमध्ये उणे ७० अंशांवर किंवा निर्जंतुक पाण्यात आपल्याकडे राखून ठेवावा, कारण वाटेत नळी फुटली तर रुग्णाकडून तोच नमुना पुन्हा मिळेलच असे नाही.